दगडूभाईंची जीभ

दगडूभाई,

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी तपकिरीची चिमूट नाकाला लावलेली नाही. तुम्ही असतात तर खांद्यावरचा पंचा झटकून म्हणाला असतात, "काय बुवा, तब्येत बरी हाय न्हवं?" तीस वर्षं तुम्ही मला ती तपकिरीची डबी पवना नदीत फेकून द्यायला सांगत होतात आणि तीस वर्षं मी मुद्दाम तुमच्यासमोर ती उघडून दोन्ही नाकपुड्या भरून घेत होतो. वैद्याने बागवानाचं ऐकायचं म्हणजे काय! आता ऐकलं. फार उशिरा ऐकलं.

मासिकाच्या संपादकांचं कार्ड येऊन पडलं आहे. परीक्षेचा मजकूर अजून आला नाही, अंक थांबला आहे, असं त्यांनी लिहिलं आहे. दर महिन्याला स्वस्तातलं एक द्राक्षासव चाखायचं आणि त्याच्यावर पानभर लिहायचं, असं आपलं सात वर्षं चाललं होतं. आपलं म्हणतो खरं, पण छापलेल्या पानावर 'आपलं' कुठेच नव्हतं. खाली एकच नाव असायचं, माझं. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी सात वर्षं तुमचे शब्द वाचले, त्यावर भरवसा ठेवून बाटल्या घेतल्या, आणि दगडूभाई बागवान हे नाव ते आज पहिल्यांदा वाचत आहेत. माझ्या अपराधांची सुरुवात इथून होते. पुढचा याहून मोठा आहे.

तुम्ही कोण, हे तुम्हालाच सांगणं विचित्र आहे, पण त्यांच्यासाठी सांगायला हवं. तुम्ही चाकणचे. मनुका, खारीक आणि गूळ यांचे व्यापारी. माझी चिंचवडला छोटी रसशाळा, म्हणजे मागे एक पडवी, चार चुली, अकरा मोठ्या चिनी मातीच्या बरण्या आणि पुढे दुकान. त्या बरण्यांत मनुका पडायची ती तुमची आणि गूळ पडायचा तोही तुमचा. दर मंगळवारी तुम्ही भोसरीला एस.टी.तून उतरायचात आणि पुढची वाट पायी किंवा मिळेल त्या बैलगाडीने तुडवत माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचात. आधी पाणी, मग चहा, मग माझ्या तपकिरीवरून दोन शब्द, असा क्रम ठरलेला होता.

मग दारूबंदी आली, आणि पंचक्रोशीतल्या बाप्यांना एकाएकी अशक्तपणा जाणवू लागला. ज्यांनी जन्मात औषधाच्या बाटलीचं बूच उघडलं नव्हतं ते सकाळ-संध्याकाळ द्राक्षासव मागू लागले. "बुवा, हातपाय गळाल्यावानी वाटतंय," असं म्हणत दारात उभे राहायचे. एकाचे हातपाय तर अख्खी बाटली संपेपर्यंत गळत. मागणी वाढली तशी गावोगावची द्राक्षासवं बाजारात आली. काहींच्या बाटलीत द्राक्ष औषधालाही नसे. मग खरोखर तापातून उठलेल्या माणसाने, बाळंतिणीने, नाही तर गिरणीत राबून छाती पोकळ झालेल्या कामगाराने घ्यायची कोणती बाटली? तीही त्याला परवडणारी? यातून परीक्षेची कल्पना निघाली. कल्पना माझी होती, एवढं श्रेय मला राहू द्या. जीभ तुमची होती.

मला आठवतं, पहिल्या दिवशी मी ऐटीत चमचाभर द्राक्षासव घेतलं, डोळे मिटले आणि म्हणालो, "उत्तम. मधुर." तुम्ही हसू दाबत विचारलंत, "आनि?" आणि काहीच नव्हतं. माझं नाक तपकिरीने कधीच जाळून टाकलेलं, आणि नाकाशिवाय जीभ आंधळी असते हे तुम्हीच मला सांगितलंत. मग तुम्ही सदऱ्याच्या खिशातून ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा काढलात, सावकाश चावलात आणि तोंड धुऊन घेतल्यासारखं पाणी फिरवलंत. पांढऱ्या बशीत दोन चमचे ओतलेत. बशी तिरकी करून कडेला रंग कसा उतरतो ते पाहिलंत. वास घेतलात. तोंडात घेऊन गालांत घोळवलंत आणि चुलीतल्या राखेच्या घमेल्यात थुंकलंत. कधी, कधी म्हणून एक थेंब गिळला नाहीत. "जिभेला इचारायचं, बुवा. पोटाला कशाला इचारायचं? आमच्यात चालत न्हाई." आणि मग जे बोललात ते मी वहीत उतरवून घेतलं.

ते शब्द अजून माझ्या वहीत आहेत. नाशिककडच्या बाटलीबद्दल तुम्ही म्हणाला होतात, "हलकी हाय, नवी नवरी जशी हळू बोलती तशी." दौलताबादची तुम्हाला सगळ्यांत प्रिय: "काळी, तुरट, पन खोल. गिळल्यावर काय व्हईल त्ये वरूनच कळतंय." बनारसहून कुणी आणलेल्या बाटलीत नागकेशर जास्त, मलबारच्या बाटलीत वेलदोड्याने मनुकेचा गळा दाबलेला, सांगलीकडची गोड पण पोकळ. नगरकडे एक जण फार स्वस्त माल काढायचा. तो चाखून तुम्ही तोंड वाकडं केलंत आणि म्हणालात, "ह्यानं गूळ करपवलाय. आनि तेच झाकायला मिरी घातलीया." मी हे सगळं जरा शुद्ध करून, संस्कृतची फोडणी देऊन छापायला धाडायचो. शुद्ध करताना अर्धा जीव जायचा त्यातला, तरी वाचकांची पत्रं यायची. 'आपल्या रसनेला वंदन,' असं एका गुरुजींनी लिहिलं होतं. ते पत्र मी तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही खुशीत हसलात. मला मात्र, खरं सांगतो, ते वंदन माझ्याच रसनेला वाटलं होतं.

दौलताबाद की नाशिक, हा आपला वाद राहूनच गेला. मी नाशिकचा पक्ष घ्यायचो तो निव्वळ तुम्हाला डिवचायला. तुम्ही चिडायचात, पंचा दुसऱ्या खांद्यावर घ्यायचात, "तुमी वैद्य हाय का कोन हाय!" म्हणायचात. आता कबूल करतो, मला दोन्हींतला फरक कधी कळलाच नाही. ज्याला फरक कळत नाही त्याच्याशी तुम्ही तीन-चार वर्षं जीव तोडून भांडलात.

नावाबद्दलही आपलं एकदा बोलणं झालं होतं. सुरुवातीला तुम्हीच नको म्हणालात. "नाव कशाला, बुवा? जमातीत इचारतील, दगडू काय पितो म्हनून." मला ते इतकं सोयीचं होतं की मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मग तुमची जैबून शाळेत जाऊ लागली, अक्षरं जोडून वाचायला लागली, आणि एका मंगळवारी तुम्ही चहाची बशी हातात धरून, माझ्याकडे न बघता म्हणालात, "एकदाच घाला की नाव. दवेची परीक्षा म्हनून. पोरीला दावीन." मी म्हणालो, दिवाळी अंकात घालतो. दिवाळी अंक आला. मी मनाशी म्हटलं, बागवानाने औषधाची परीक्षा केली असं छापलं तर चार वैद्य नाकं मुरडतील. तुम्ही अंक चाळलात, खाली घडी घालून ठेवलात आणि मनुकेच्या भावाबद्दल बोलू लागलात. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. तेव्हाच तुम्ही मला दोन शिव्या हासडल्या असत्यात तर बरं झालं असतं.

आता मोठ्या अपराधाकडे येतो. तुम्हाला त्यातलं निम्मं ठाऊक होतं. उरलेलं निम्मं मी तीन वर्षं दाबून ठेवलं.

पिंपरीकडे कारखाने उठू लागले होते. त्यांतल्या एका नव्या कारखान्याचे डॉक्टर आपलं परीक्षेचं पान वाचायचे. शिकलेले, तरुण, पण आयुर्वेदाला हसणारे नव्हते. कामगारच आजारातून उठले की द्राक्षासव मागतात, तर दवाखान्यासाठी दरमहा पन्नास बाटल्या द्याल का, असं त्यांनी विचारलं. पन्नास! माझ्या दुकानात तेव्हा फळीवर आठ-दहा बाटल्या असायच्या. मी हो म्हणून बसलो. सगळ्या बरण्या भरल्या. मनुका, गूळ, धायटीची फुलं, मसाला घातला, तोंडाला कापड बांधून वरून मातीचा लेप दिला आणि भुशात पुरून ठेवल्या. महिनाभर आत जे चालायचं ते आपोआप चालतं, माणसाने फक्त हात आवरायचा असतो.

तुम्ही मंगळवारी आलात की ओणवे होऊन एकेका बरणीला कान लावायचात. आत बुडबुडे फुटत असले की बारीक आवाज येतो. तो थांबला की माल झाला. त्या मंगळवारी तुम्ही कान लावलात आणि म्हणालात, "अजून बोलतंय. उघडू नका." मी विचारलं, किती दिवस? "त्ये गप बसंल तवा कळंल." आणि डॉक्टरांना तर मी तारीख देऊन बसलो होतो. तुम्ही चाकणला गेलात आणि दुसऱ्याच दिवशी मी लेप फोडले. चाखून पाहिलं, मला ठीक वाटलं. माझ्या जिभेला! पुन्हा कापड बांधलं. चार दिवसांत सगळ्या बरण्यांना आंबूस वास सुटला. तो वाससुद्धा मला आला नाही, तो मला शेजारणीने सांगितला. सगळा माल आंबट पाणी झाला होता आणि मी तो पहाटे गटारात ओतला.

तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही हसला असतात, नाही तर रागावला असतात, मग पंचा खांद्यावर टाकून म्हणाला असतात, चला, पुन्हा लावू. डॉक्टरांनाही महिनाभर थांबा म्हणता आलं असतं. पण दहा वर्षांनी पहिल्यांदा मोठं काम आलं होतं आणि माझा अहंकार माझ्या बरण्यांपेक्षा मोठा होता. मी गुपचूप नगरकडून तो स्वस्त माल मागवला, त्याच करपल्या गुळाचा, माझ्या बाटल्यांत भरला आणि वर माझी चिठ्ठी चिकटवली. चिंचवड, शुद्ध, शास्त्रोक्त.

बाटल्या न्यायला डॉक्टर स्वतः आले, तो मंगळवारच होता. त्यांच्याबरोबर गावातली चार-पाच प्रतिष्ठित मंडळी आली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बाटल्या ओळखता कशा, ते पाहायचं आहे." मी हसून म्हणालो, "मी नाही, हे आमचे दगडूभाई ओळखतात. आमचा चमत्कार आहे हा." चमत्कार! दरवेश्याच्या अस्वलासारखं तुम्हाला पुढे केलं मी. तुम्ही लाजलात, टोपी सारखी केलीत, खिशातून भाकरीचा तुकडा काढलात. मी बाटल्यांवर कागद गुंडाळून तीन बशा भरल्या: नाशिक, दौलताबाद, सांगली. तुम्ही तिन्ही बिनचूक सांगितल्यात. दौलताबादची घोळवताना माझ्याकडे बघून डोळासुद्धा मारलात.

मग डॉक्टरांनीच दाराजवळच्या खोक्यातली एक बाटली उचलली. कारखान्यासाठी बांधलेल्या पन्नासांतली. "ही पण बघा," म्हणत त्यांनी तुम्हाला दिसणार नाही अशी ती बशीत ओतली.

तुम्ही बशी तिरकी केलीत. वास घेतलात, पुन्हा एकदा घेतलात. तोंडात घेतलंत, थुंकलंत, आणि म्हणालात, "ही नगरकडची."

डॉक्टर हसले. बाटली फिरवून त्यांनी चिठ्ठी दाखवली. "अहो, ही तर तुमच्या वैद्यबुवांची."

तुम्ही चिठ्ठीकडे पाहिलंत, मग बशीकडे. पुन्हा एक थेंब जिभेवर घेतलात. "न्हाई," तुम्ही म्हणालात. "बुवांच्या मालात माझी मनुका असती. माझी मनुका मला कळत न्हाई व्हय? आनि गूळ बी करपलाय ह्यात. ही न्हाई बुवांची." तुम्हाला वाटलं, तुम्ही माझी बाजू राखताय. कुणी तरी माझ्या नावावर भलतंच काही खपवतंय, असंच तुम्हाला वाटत होतं. तुमच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी काळजी होती, दगडूभाई. ती मी स्वतः पाहिली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी काय करायला हवं होतं ते आज एखादं पोरही सांगेल. मी डबी काढली, चिमूट नाकात कोंबली आणि मोठ्याने म्हणालो, "वय झालं हो तुमचं, दगडूभाई. जीभ गेली आता!"

मंडळी हसली. डॉक्टरही हसले, सभ्यपणे. तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडे बघत राहिलात. माझ्या डोळ्यांत काही सापडतं का, ते शोधत असावात. मी नजर फिरवली. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "आसंल, बुवा."

तो एक शब्द. तीस वर्षांत तुम्ही माझ्याशी हजार गोष्टींवरून भांडलात, मी म्हणतो ते कधी सरळ मान्य केलं नाहीत, आणि जिथे भांडायला हवं होतं तिथे म्हणालात, "आसंल." कारण मी वैद्य होतो. शरीरातलं काय गेलं आणि काय राहिलं, हे वैद्याला कळतं असा तुमचा विश्वास होता. मी त्याच विश्वासाने तुम्हाला फसवलं.

यानंतर जे झालं ते लिहिताना मला माझीच किळस येते, पण लिहितो. दोन मंगळवार तुम्ही आला नाहीत. तिसऱ्या मंगळवारी आलात ते दुकानाच्या पायरीवर बसलाच नाहीत. आत, रोग्यांच्या बाकावर बसलात. इतर दोघे होते ते जाईपर्यंत थांबलात. मग म्हणालात, "बुवा, जिभेला कायतरी दवा द्या." मी तुम्हाला जीभ काढायला सांगितली. बाहेरचा उजेड पडेल असं तुम्हाला दाराकडे वळवलं. गुलाबी, स्वच्छ, लहान मुलासारखी जीभ होती. मी वैद्य आहे, आणि मी तुम्हाला म्हणालो, "थोडा मळ साठलाय. जठराग्नी मंद झालाय." आणि सुंठ, मिरी, पिंपळी, सैंधव कुटून पुड्या दिल्या. निरोग्याला औषध. तुम्ही त्या पुड्या रुमालात बांधल्यात आणि मला दुवा दिलीत.

तुम्ही ते चूर्ण तीन वर्षं घेतलंत. अधूनमधून सांगायचात, "फरक हाय थोडा." मीही मान हलवायचो. चाकणच्या बाजारात गुळाच्या ढेपेची कड फोडून जिभेवर ठेवणं तुम्ही बंद केलंत. तुमचे धाकटे भाऊ ठेवू लागले आणि तुम्ही बाजूला उभे राहायचात, हात मागे बांधून, ही गोष्ट मला त्यांनीच सांगितली. "भाईजान म्हनत्यात, माझ्यावर नगो, बुवांनी सांगितलंय." आणि मी? मी परीक्षेचं पान लिहितच राहिलो. जुन्या वहीतले तुमचे शब्द उलटसुलट करून नव्या बाटल्यांना चिकटवत राहिलो. सांगलीला दिलेलं दौलताबादला दिलं, दौलताबादचं मलबारला. जैबून तुम्हाला ते पान मोठ्याने वाचून दाखवायची, आणि तुम्ही म्हणायचात, "बुवांची जीभ मातर शाबूत हाय." हेही मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी काही वेगळा वागलो असतो, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही तापाने पडलात. मी चाकणला आलो तेव्हा ताप उतरला होता, पण तुमच्या नाडीत काही उरलं नव्हतं. हलीमाभाभी पायाशी बसल्या होत्या. तुम्ही मला जवळ बोलावलंत. वाटलं, पोरीसाठी काही सांगाल. तुम्ही म्हणालात, "बुवा, येक इचारू? हसू नका. त्या दिशी ती बाटली... मला अजून वाटतंय ती नगरची व्हती. येड्यावानी वाटतंय बगा. जीभ जाते, पन हट जात न्हाई."

बोलायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. भाभी तिथे होत्या, तुमचे भाऊ दाराशी होते, आणि मला वाटलं, उद्या सांगू, एकटे असताना सांगू. मी तुमचं पांघरूण वर ओढलं आणि म्हणालो, "पडा आता. बोलू नका." तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला वाटलं असणार, वैद्य विश्रांती सांगतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला.

तिसऱ्या दिवशी तुमच्या कबरीवरच्या जियारतीला मी आलो. सगळे गेल्यावर भाभींना सांगितलं. सगळं सांगितलं: बरण्या, नगरचा माल, चिठ्ठी, पुड्या. मला वाटलं, त्या रडतील किंवा ओरडतील. दोन्ही केलं नाही त्यांनी. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "तीन वरसं त्यांनी गुळाचा खडा तोंडात घातला न्हाई, बुवा. मी म्हनायची, खावा की, गोड तर लागंल. म्हनायचे, खोटं गोड लागंल." उठून फळीवरची बरणी आणली, उरलेल्या चूर्णाची, आणि माझ्या हातात दिली. "हे घिऊन जावा. आनि सगळ्यांनी आयकलं व्हतं, तर सगळ्यांना सांगा."

हे मी त्यांचंच ऐकून लिहितो आहे. कारखान्याच्या डॉक्टरांना आधीच पत्र टाकलं आहे. तिथला माल या महिन्यापासून बंद होईल आणि व्हायलाच हवा. चार वैद्य नाकं मुरडणार आहेत. मुरडोत.

त्या पन्नासांतली एक बाटली मी माळ्यावर लपवून ठेवली होती. का ठेवली, कुणास ठाऊक. पकडलं जावं असं आतून वाटत असेल. अकरा दिवस तपकीर सोडल्यावर आज सकाळी ती काढली. बूच उडालं नव्हतं. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा चावला. तुमच्यासारखंच पाणी फिरवलं. तुमचीच बशी घेतली, कडेला टवका उडालेली. तिरकी करून पाहिली. नाकाशी धरली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा, दगडूभाई, आला. करपल्या गुळाचा वास. इतका स्पष्ट की मी दचकून बशी लांब धरली. माझ्यासारख्या जळक्या नाकालाही कळेल इतका. राखेच्या घमेल्यात थुंकलो आणि तिथेच बसून रडलो. बायको आतून विचारत होती काय झालं.

तर संपादकांनी मागितलेला मजकूर हा. नेहमीच्या साच्यात देतो. या वेळी शब्द तुमचे आहेत, मी त्यांना हात लावलेला नाही.

बाटलीवरचं गाव: चिंचवड.

बाटलीतलं गाव: नगरकडचं.

रंग: तांबूस, पाणचट.

वास आणि चव: गूळ करपलाय. मिरी घालून झाकलाय. मनुका चाकणची न्हाई.

घ्यावी का: न्हाई.

परीक्षक: दगडूभाई बागवान, चाकण. जीभ शेवटपर्यंत शाबूत.